डोंगराच्या बोर्डावरचं सातवं कलम

सकाळी पावणेनऊला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या त्या कपड्यांच्या कारखान्यात संडासात साबण आला. साबण आला म्हणजे ऑडिट आलं, हे तिथल्या दोनशे बायकांना कुणी सांगावं लागत नसे. सगळे पंखे चालू होते. प्रथमोपचाराच्या पेटीत चक्क पट्ट्या होत्या.

"अक्का, रोजच ऑडिट असू दे की," मशीनवर बसता बसता एक जण म्हणाली. "बेचाळीस डिग्रीत वारं तरी लागंल."

"हसा, हसा. ऑडिटच्या मॅडमनं इचारलं तर काय सांगायचं?" मुक्ताबाईनं विचारलं.

"आठ तास काम, जादा काम आपल्या मर्जीनं, आन साहेब लई चांगले!"

"साहेब लई चांगले न्हाय सांगायचं," मुक्ताबाई म्हणाली. "न इचारता कौतुक केलं की माणसाला संशय येतो."

मुक्ताबाई लाइन सुपरवायझर होती. माळशिरस तालुक्यातून लग्न होऊन सोलापुरात आलेली, वय सत्तेचाळीस, या कारखान्यात चौदा वर्षं. नवऱ्याला अर्धांगवायू झाल्यापासून घरात कमावणारी ती एकटी होती. मुली तिला अक्का म्हणत. कुणाच्या मशीनची सुई मोडली, कुणाला चक्कर आली, कुणाला सुट्टी हवी, सगळं तिच्याकडे यायचं. ऑडिटच्या दिवशी तिच्याकडे आणखी एक काम असे आणि ते फक्त तिच्याचकडे असे.

कारखान्यात परदेशातल्या एका कंपनीची जॅकेटं शिवली जात. बर्फाच्या डोंगरावर जाणारे लोक ती घालतात, एवढं बायकांना माहीत होतं. कापड टाकाऊ प्लास्टिकच्या बाटल्यांपासून होतं, हेही माहीत होतं. त्यावरून "बाटलीतलं जाकीट" असा विनोद चालायचा. कंपनीनं पाठवलेला एक मोठा बोर्ड पाण्याच्या फिल्टरच्या वर भिंतीला लावला होता. वर बर्फाळ डोंगर, त्याखाली "आमची बांधिलकी" अशी अक्षरं आणि मराठीत बारीक टायपात अकरा कलमं. पाणी वाचवू, झाडं लावू, कामगारांचा मान राखू, असं काहीबाही त्यात असावं, असा सगळ्यांचा समज होता. बोर्डाच्या खिळ्यांना डब्याच्या पिशव्या अडकवलेल्या असत. चौदा वर्षांत तो बोर्ड वाचताना मुक्ताबाईनं कुणाला पाहिलं नव्हतं. त्यातलं एकच कलम सगळ्यांना पाठ होतं, तेही मालक नंदीशअण्णांनी तोंडी सांगितलेलं: अठराच्या आतली पोरगी सापडली की कंपनी कारखान्याला टाळं लावते.

म्हणून ऑडिटच्या दिवशी अठराच्या आतल्या पोरी वरच्या मजल्यावर चेन-बटणांच्या खोलीत बसवायच्या आणि बाहेरून कुलूप घालायचं. हे ते काम. या वेळी पोरी सात होत्या. सातही जणींचे कागद मुक्ताबाईनंच तयार केले होते. आधारकार्डाच्या झेरॉक्सवर पांढरी शाई लावायची, जन्मसालातला एक आकडा बदलायचा आणि त्याची पुन्हा झेरॉक्स काढायची. आया हात जोडून यायच्या आणि तिला नाही म्हणवत नसे.

"चला गं, वर चला. डबे घ्या बरोबर."

सगळ्यात मागं आरोही होती. सोळा वर्षांची, दोन वर्षांपूर्वी उजनीच्या पाण्याकाठचं गाव सोडून आईबापांबरोबर शुक्रवार पेठेत भाड्याच्या खोलीत आलेली. दहावीला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले होते. अकरावीऐवजी ती कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवर बसली. तिची आई केराबाई त्याच हॉलमध्ये शिवलेल्या कपड्याचे धागे कापायची. गेल्या आठवड्यात अण्णांनी सांगितलं होतं, कंपनी कडक झालीय, या ऑडिटनंतर बारक्या पोरी एकदम बंद. त्यानंतर चार दिवसांत आरोहीचं लग्न ठरलं. मुलगा मोहोळकडचा, वय एकोणतीस. लग्न येत्या रविवारी. पत्रिका छापली नव्हती. छापणारे आता वयाचा दाखला मागतात.

खोलीच्या दारात आरोही थांबली.

"अक्का, तुमी सातवं कलम वाचलंय का?"

"कसलं कलम?"

"डोंगराच्या बोर्डावरचं."

"आत जा गुमान. मॅडम गेटवर आली."

"त्यात टाळं लावू असं न्हाय लिवलेलं. पोरगी सापडली तर तिला काढायची न्हाय, शाळेत घालायची, असं हाय. अठरा पूर्ण होईस्तोवर तिचा पगार कारखान्यानं घरी द्यायचा. मी चारदा वाचलंय, अक्का." तिनं दाराची चौकट धरली. "मी आज सापडले तर मला शाळा हाय. न्हाय सापडले तर रविवार हाय."

मुक्ताबाईनं तिला खांद्याला धरून आत सारलं आणि कुलूप घातलं. ती जिना उतरली. मालक खोटं बोलला असेल, हे मानणं तिला अवघड वाटत नव्हतं. आपण चौदा वर्षं ते खोटं पोरींना सांगत आलो, हे घशाखाली उतरत नव्हतं.

फडकं घेऊन ती स्टुलावर चढली आणि बोर्ड पुसायला लागली. शाळा चौथीपर्यंतच झाली होती. पिशव्या बाजूला सारून तिनं सातवं कलम शोधलं आणि अक्षराखाली बोट फिरवत वाचलं. अठरा वर्षांखालील व्यक्ती कामावर आढळल्यास तिला काढून टाकू नये. तिचे शिक्षण पुन्हा सुरू करावे. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तिचे वेतन कारखान्याने तिच्या कुटुंबास द्यावे.

"अक्का, बोर्ड कशाला घासता? खाली उतरा," मागून नंदीशअण्णा म्हणाले. "मॅडम आल्या."

ऑडिटवाल्या मॅडमचं नाव पूनम. पुण्याहून आलेली, तिशीतली, हातात टॅबलेट. ती भराभर चालत नव्हती, हेच अण्णांना खटकत होतं. तिनं आग विझवायच्या सिलिंडरवरची तारीख पाहिली, रंगाचं सांडपाणी कुठं जातं ते विचारलं, संडासाचं दार उघडून आत पाहिलं. बायका शिकवल्याप्रमाणे बोलल्या. आठ तास. मर्जीनं. एकीनं घाईत "साहेब लई चांगले" म्हटलंच.

मग पूनम आरोहीच्या मशीनपाशी थांबली. सुईखाली अर्धी शिवलेली बाही होती. तिच्या चिठ्ठीवर आजची तारीख होती.

"इथं कोण बसतं?"

"सुट्टीवर हाय ती," अण्णा म्हणाले.

"कालपासून?"

"आजच. तब्येत बरी न्हाय."

"मग सकाळी बाही कुणी लावली?" पूनमनं चिठ्ठीला हात लावला. आवाज न चढवता ती मुक्ताबाईकडं वळली. "तुम्ही सुपरवायझर ना? तुम्ही सांगा."

सगळ्या मशीन चालू होत्या, पण जवळच्या दोन रांगांचा आवाज कमी झाला. पलीकडे धाग्यांच्या ढिगाशी केराबाई कात्री हातात धरून बसली होती आणि मान हलवत होती. न्हाय, न्हाय. अण्णा मुक्ताबाईकडे पाहत हसत होते. ते हसू तिला ओळखीचं होतं.

मुक्ताबाईचं लग्न चौदाव्या वर्षी झालं होतं. पंधराव्या वर्षी पहिलं बाळंतपण झालं. मुलगी होती, तीन दिवस जगली. सुईण म्हणाली होती, आईचंच अंग अजून भरलं नाही तर लेकरू कुठून धरेल? पुन्हा दिवस राहिले नाहीत. हे ती कुणाला सांगत नसे आणि आता सांगायला वेळही नव्हता.

"मॅडम," ती म्हणाली, "वर चला."

"मुक्ताबाई!" अण्णा ओरडले. एरवी ते तिला अक्का म्हणत.

ती जिना चढू लागली. मागून पूनम आली, तिच्यामागं अण्णा. तिसऱ्या पायरीवर त्यांनी मुक्ताबाईचा दंड धरला. "डोकं हाय की न्हाय? ऑर्डर गेली तर दोनशे चुली इझतील. त्यातली एक तुमची."

"हात सोडा त्यांचा," पूनम म्हणाली.

कुलूप निघालं. आतून उकाड्याची झळ बाहेर आली. त्या खोलीला खिडकी नव्हती. सहा पोरी खोक्यांमागं सरकल्या. आरोही सरकली नाही. घामानं भिजलेली ओढणी तिनं सारखी केली आणि म्हणाली, "माझं नाव आरोही. माझं वय सोळा हाय. कागदावर एकोणीस हाय, ते खोटं हाय."

"कागद कुणी केला?" पूनमनं विचारलं.

"मी केला," मुक्ताबाई म्हणाली. "सातींचाबी मीच केला. लिवा."

पुढचा तासभर ऑफिसात गेला. अण्णा आधी ओरडले, मग विनवण्या करू लागले आणि शेवटी टेबलावर दोन्ही हात टेकून खरं बोलले. "तुमची कंपनी दर वर्षी दर पाडते आन दर वर्षी कलमं वाढवते. दोन्ही कुटनं जमायचं, सांगा की? बोर्ड टांगायला खिळा माझाच लागतो."

पूनमनं तेही लिहून घेतलं. मग मुक्ताबाईला म्हणाली, "सातवं कलम लागू होईल. माझा अहवाल आज जाईल. कंपनीचं उत्तर यायला तीन आठवडे लागतात."

"पोरीचं लगीन रविवारी हाय."

पूनमचं बोट टॅबलेटवर थांबलं. तिनं पान वर नेलं, खाली नेलं. "त्यासाठी माझ्या फॉर्मात जागा नाही," ती हळूच म्हणाली. थोड्या वेळानं तिनं कागदाच्या चिठोऱ्यावर चार आकडे लिहिले: १०९८. "मुलांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे. फोन मीही करते. पण माझ्याकडे लग्नाचं ना ठिकाण आहे ना वेळ. जवळच्या माणसानं केला तर ते वेळेत पोचतील."

मुक्ताबाई हॉलमध्ये आली. सकाळी पंख्यावरून हसलेली बाई मान खाली घालून शिवत होती. अण्णांनी उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. केराबाई मात्र उठून समोर उभी राहिली.

"लेकीचं वाटुळं केलंत अक्का. आमी दोघं दिवसभर भायेर. पोर खोलीवर एकटी ठिवायची? गल्लीत टवाळ पोरं दारातनं हलत न्हाईत. तुमाला लेक असती म्हंजे कळलं असतं."

"हुती," मुक्ताबाई म्हणाली.

केराबाईला त्याचा अर्थ लागला नाही. ती पोरीला हाताला धरून निघून गेली.

साडेपाच वाजता मुक्ताबाई शुक्रवार पेठेतल्या त्या खोलीसमोर उभी होती. आरोहीचा बाप हिंदुराव उंबऱ्यात बसला होता. मालवाहू टेम्पो चालवणारा, अबोल माणूस. आत कोपऱ्यात लग्नाच्या भांड्यांवर चादर टाकलेली होती आणि आरोही भिंतीला टेकून बसली होती. तिचा डावा गाल लाल होता.

"काय काम?" हिंदुराव म्हणाला.

"लगीन थांबवा, भाऊ. पोरीला शाळा मिळंल, पगारबी चालू राहील. बोर्डावर लिवलंय."

"बोर्डावर लई काय काय असतं. पावण्यांना शबुद दिलाय. माझी पोर हाय, मी बघतो."

"मीबी लई वर्षं असंच म्हणत आले. त्यांची पोर हाय, त्यांचं ते बघतील. आन पोरी कुलपात घालत आले." तिनं कमरेची पिशवी उघडून मोबाईल काढला. "तुमच्या माघारी न्हाय करत. तुमच्या म्होरं करते."

हिंदुराव उठला. "कुणाला लावतीस?"

मुक्ताबाईनं चार आकडे दाबले आणि स्पीकर लावला. शेजारच्या दोन दारांत माणसं आली. पलीकडून एका बाईचा शांत आवाज आला. तिनं सांगितलं, पोरीचं लगीन लावत्यात, पोरगी लहान हाय.

"मुलीचं वय?"

"सोळा."

"नक्की सोळा? कागदावर काय आहे?"

"कागदावरचं मी लिवलेलं हाय, ते धरू नका. सोळा."

"तुमचं नाव गुप्त ठेवायचं का?"

"न्हाय. मुक्ताबाई शिवाजी माने. लिवा."

"लग्न कधी आहे?"

"रविवारी. मोहोळकडं."

"मोहोळमध्ये नेमकं कुठं? कार्यालय, गाव, काही खूण? ठिकाण कळलं नाही तर आमच्या माणसांना उशीर होईल."

मुक्ताबाईला माहीत नव्हतं. पत्रिकाच नव्हती. तिनं हिंदुरावाकडं पाहिलं. त्यानं तोंड फिरवलं.

"हॅलो? ठिकाण सांगता का?"

आत आरोही उठून उभी राहिली, पण तिलाही कुणी ठिकाण सांगितलेलं नव्हतं. लग्न तिचं असलं तरी तिला विचारून काही ठरलं नव्हतं.

"ताई, ठिकाण?"

केराबाई चुलीपाशी पाठमोरी बसली होती. ती वळली नाही. तिथूनच, मोबाईलपर्यंत पोचेल एवढ्या आवाजात म्हणाली, "कुरुल रोड. नव्या पाण्याच्या टाकीमागं, नवऱ्यामुलाच्या चुलत्याच्या रानात. मांडव शनिवारी घालत्यात."

"केरा!" हिंदुराव म्हणाला.

"मुहूर्त किती वाजता आहे?" फोनवरच्या बाईनं विचारलं.

केराबाई आता वळली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही, मुक्ताबाईकडंही नाही. लेकीच्या गालाकडं पाहत ती म्हणाली,

"बारा पस्तीस. पर तुमी आदीच या."