ती बाई काय म्हणते

पक्षाघातानंतर यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीने बजावलं होतं, आत्ता हलला नाही तर पुढे अवघड आहे. ठेक्यावर हात हलवावा म्हणून तिनेच मोबाइलवर एक परदेशी गाणं लावून दिलं. स्पॅनिश, म्हणे. ठेका असा की भाजी चिरताना माझी टाच हलायची. पण हे ढिम्म.

यांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. लिफ्ट कशाने अडली ते कळल्याशिवाय बटणाला बोट लावायचे नाहीत, माणसं आतून कितीही बोंबलोत. तीच खोड आता उफाळून आली. वाकड्या तोंडाने रोज एकच, "ती बाई काय म्हणते?" ते कळेपर्यंत हात हलवायचा नाही.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, आई, नाचाच्या गाण्याला अर्थ नसतो. व्यायामवाली म्हणाली, आजी, तुम्ही ठेका बघा. शेवटी वैतागून मीच ठोकून दिलं, की ती म्हणते, हात वर करा, बरं वाटेल. यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "खोटं," म्हणाले.

रविवारी नात आली, तिला धरून बसवलं. तिने मोबाइलवर शोधून सगळं सांगितलं. गाणारणीला नवऱ्याने टाकलं, पदरात दोन लेकरं. त्या रागात तिने हे गाणं रचलं आणि आता तिला ऐकायला मैदानं भरतात. गाण्यात ती त्या नवऱ्यालाच सुनावते, की मी नाचते, तू लांबून बघ. तुझ्याने काही व्हायचं नाही, तू बसून राहा.

"बसून राहा?" यांनी विचारलं.

"हो आजोबा. तेच तर ती सारखं म्हणते."

मी कपाळाला हात लावला. ज्यांना उठवायला आम्ही जिवाचं रान करत होतो, त्यांना ही बया रोज सकाळी खुर्चीत बसवत होती.

गाणं चालूच होतं. यांचा चेहरा लालबुंद झाला. "बंद कर ते." नात उठायला लागली, तिला मी खांद्याला धरून खाली बसवलं. इतक्या दिवसांचा राग माझ्याही नाकावर आला होता. म्हटलं, "तुम्हाला नको ना, मग तुम्हीच करा बंद."

मोबाइल उजवीकडच्या स्टुलावर होता. डावा हात तिथवर पोचेना. दोनदा झेपावून पाहिलं, दोनदा मला शिव्या घातल्या. मग मांडीवरचा हात सरकला. कापत कापत वीतभर वर उचलला गेला आणि अख्खा पंजा मोबाइलवर आदळला. मोबाइल खाली पडला, पण ती बाई फरशीवरूनही गातच राहिली.

"तू कुणाच्या बाजूची आहेस गं?" हे धापा टाकत म्हणाले.

"आज तिच्या," मी म्हटलं. मोबाइल उचलला, पदराने पुसला आणि परत स्टुलावर ठेवला. मघापेक्षा जरा लांब.