सरजाबाईचे राहिलेले टोले

मी घंटा बोलतेय, मुदखेडजवळच्या एका गावातल्या जुन्या चर्चच्या मनोऱ्यावरची. हल्ली प्रवासी वाट वाकडी करून येतात, जिना चढताना धापा टाकतात आणि माझ्यावर हात फिरवून "किती जुनी आहे!" म्हणतात. जुनी आहेच. पण मी काही विसरत नाही, हे त्यांना कुठलं ठाऊक!

मला विलायतेत ओतलं. आगगाडीनं मुदखेडला उतरले, बैलगाडीतून इथे आले. गावानं मला आपली रीत लावली. सणाला, लग्नाला भराभर वाजायचं. कुणी वारलं, मग तो विहारात जाणारा असो, देवळात की चर्चमध्ये, एक टोला द्यायचा, थांबायचं, मग दुसरा. माझा दोर सरजाबाईच्या हाती होता. विहारात वंदना करून ती इथे झाडायला यायची. दोर ओढून लगेच सोडला की मी आनंदानं वाजते, ओढून धरून ठेवला की रडते, हे तिला पक्कं माहीत होतं.

मग ती स्वतःच गेली. नेमका त्याच दिवशी गावच्या बड्या शेतकऱ्याकडे, आप्पासाहेबांकडे, लेकीचा साखरपुडा. "लातूरचे पाव्हणे बसलेत. आज मरणाची घंटा वाजायची न्हाई," म्हणाले आणि माणसं पाठवून माझा लोलकच काढून नेला. सरजाबाईची अंत्ययात्रा माझ्या खालून गेली. तिची लेक महामाया वर बघत होती आणि मी मुकी. मला दात नाहीत, तरी आप्पासाहेबांवर मी त्या दिवशी दात धरला.

पुढे लोलक परत लागला, दोर महामायाकडे आला.

परवा आप्पासाहेब त्याच व्याह्यांना घेऊन वर चढले. "ही घंटा आमच्याच घराण्यानं जपली!" म्हणे. फोटोसाठी दोर स्वतः धरला. एक हिसका दिला आणि पडू नये म्हणून तसाच घट्ट धरून ठेवला. एक टोला. मग थोड्या वेळानं दुसऱ्या फोटोसाठी पुन्हा तसाच हिसका, दुसरा टोला. मला काही करावंच लागलं नाही.

खाली गाव धावलं.

"कोण गेलं बा?"

"आप्पासाहेब मनोऱ्यावर गेल्ते की! जिना सोसला न्हाई वाटतं."

समोरच त्यांचं घर. ते खाली उतरेपर्यंत त्यांच्या बायकोनं, तारामतीबाईंनी, हंबरडा फोडला होता आणि कुणी अंगणात तिरडीचे बांबूही आणून टाकले होते. नवऱ्याला चालत येताना बघून बाई किंचाळल्याच.

"आरं, मी जित्ता हाय!" आप्पासाहेब व्याह्यांदेखत ओरडले.

"मंग घंटा कोणासाठी वाजली?" कुणीतरी विचारलं.

"माझ्या मायसाठी," महामाया म्हणाली. "राहिली होती तिची."

आप्पासाहेबांची मान खाली गेली. खरं सांगते, इतकं सुख मला कुठल्या सणाला झालं नव्हतं.

आता ते माझ्या सावलीतूनही जात नाहीत. पण एक दिवस जावं लागेलच, चौघांच्या खांद्यावरून. त्या दिवशी महामाया दोर ओढेल, मायनं तिला तसंच शिकवलंय. तुम्ही या, फोटो काढा, माझी ना नाही. फक्त त्या दिवशी मी वाजेन का, हे विचारू नका. ते मी अजून ठरवलेलं नाही.