मी छापलेले बक्षिसाचे पत्र

मित्रांनो, आज माझे झाकण रबराच्या पट्टीने बांधलेले आहे आणि माझ्या अंगावर माझी मालकीण तोवेरा हिच्या जुन्या कापडाचे पांघरूण आहे. पण एके काळी मलावी देशातल्या मोठ्या तळ्याकाठी, न्खाता बेच्या बंदरावर माझ्यासमोर रांग लागत असे. मी प्रिंटर आहे. छापायचे कामही माझे आणि झेरॉक्स काढायचेही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी मलावीच्या दक्षिण भागात, एका चहाच्या मळ्याच्या कचेरीत होतो. तिथे सहा वर्षे मी मजुरांच्या हजेरीचे कागद छापले. मग नवे यंत्र आले आणि मला कोपऱ्यात ढकलण्यात आले. तिथून मला तोवेरा म्फांदेने विकत घेतले. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. मला कापडात गुंडाळून, मांडीवर घेऊन ती दोन दिवस बसमधून आली. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तिचा हात माझ्यावर घट्ट होत असे. इतक्या मायेने मला त्याआधी कुणी धरले नव्हते.

धक्क्याकडून बाजारात चढणाऱ्या रस्त्यावर तिने दुकान थाटले. एक संगणक, एक मी आणि दोन खुर्च्या. मी परीक्षेचे अर्ज छापले, नोकरीचे अर्ज छापले, मयताच्या प्रार्थनेचे कागद छापले. लोक कागद उजेडात धरून म्हणत, "काय सुबक अक्षर आहे!" मला फार अभिमान वाटे. तोवेराचा एक नियम होता. छापलेला कागद ती न बघता पालथा करून गिऱ्हाइकाच्या हातात देई. "दुसऱ्याचं पत्र वाचायचं नसतं," असे ती म्हणे. मी मात्र वाचत असे. छापायचे तर वाचावेच लागते.

दर शुक्रवारी जेरेमाया लोंग्वे मास्तर येत. एकतीस वर्षे त्यांनी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवले होते. निम्मे बंदर त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांची मुलगी डर्बनला नर्स होती. तिला पत्रे लिहायला तोवेराने त्यांना ई-मेलचा पत्ता उघडून दिला होता. मास्तरांच्या खिशाला कायम लाल पेन असे. दुकानाच्या पाटीवरचे शुद्धलेखनही त्यांनी सोडले नव्हते.

"तोवेरा, तुझ्या पाटीवर 'इंटरनेट'मध्ये एक अक्षर कमी आहे."

"पाटीवाल्यानं अक्षरामागं पैसे घेतले, मास्तर. एक वाचवलं."

"मग मला सांगायचं होतंस. मी उधार दिलं असतं!"

असे ते हसत. एका शुक्रवारी मात्र ते हसले नाहीत. तोवेराला म्हणाले, "तू जरा बाहेर थांब." मग त्यांनी स्वतःच बटण दाबले आणि ते पत्र माझ्या पोटातून बाहेर आले.

कुठल्याशा आंतरराष्ट्रीय सोडत मंडळाचे पत्र होते ते. वर शिक्का, खाली ऐटबाज सही. आपल्या ई-मेलच्या पत्त्याला साडेआठ लाख पौंडांचे बक्षीस लागले आहे, असे त्यात लिहिले होते. खाली विजयी क्रमांक. मग तीन अटी. नोंदणीची फी आठ दिवसांत भरावी. ओळखपत्राची प्रत पाठवावी. आणि बक्षीस हाती पडेपर्यंत ही गोष्ट कुणालाही, अगदी घरच्यांनाही सांगू नये.

मास्तरांनी ते तीनदा वाचले. सवयीने लाल पेन काढून त्यातल्या सात चुका दुरुस्त केल्या. "इतकं मोठं मंडळ, पण कारकुनाचं इंग्रजी कच्चं," असे पुटपुटले. चुका त्यांना दिसल्या, मित्रांनो. चुकांच्या पलीकडले दिसले नाही.

मास्तरांचे घर गवताने शाकारलेले होते. दर पावसाळ्यात ते गळे. त्यांची बायको एस्तेले काकू वर्षानुवर्षे पत्र्याच्या छपराची वाट पाहत होती. निवृत्तीच्या पैशांतून मास्तरांनी चोवीस पत्रे घेऊन घरात रचून ठेवले होते. फीसाठी त्यांनी त्यातले दहा विकले. मग कर भरा म्हणून दुसरे पत्र आले, तेही मी छापले. मग विम्याचे तिसरे आले. मी तेही छापले, तितक्याच सुबक अक्षरात. चोविसावा पत्रा विकला गेला आणि मंडळाची पत्रे येणे बंद झाले.

मास्तर चार शुक्रवार येऊन रिकाम्या पडद्याकडे बघत बसले. शेवटी त्यांनी तोवेराला पत्र दाखवले. तिने ते वाचले, खाली मंडळाचा ई-मेलचा पत्ता पाहिला आणि तिचा आवाज उतरला. "मास्तर, असला पत्ता तर कुणीही उघडतं. तुमचा मी पाच मिनिटांत उघडला होता."

मास्तरांनी पत्र घडी घालून खिशात ठेवले. मग म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. एस्तेलेला तर मुळीच नको. छपराचे पत्रे भावाला वापरायला दिलेत, असं मी तिला सांगितलंय."

तोवेराने शब्द दिला. त्यानंतर मास्तर शुक्रवारी येईनासे झाले.

दीड वर्ष गेले. एके दिवशी दुपारी लुसुंगू कमांगा दुकानात आली. ती उसिपा, म्हणजे तळ्यातली बोटाएवढी मासळी, वाळवून विकायची. एका लॉजवाल्याकडून मासळीची मागणी ई-मेलवर येई, म्हणून तिचाही पत्ता तोवेरानेच उघडून दिला होता. त्या दिवशी तिचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

"तोवेरा, काढ माझं पत्र! आणि वाचू नकोस हं, गुपित आहे. पुढच्या महिन्यात तुझं दुकानच विकत घेते बघ!"

मी कागद ओढला, अर्धा छापला आणि वीज गेली. कागद माझ्या तोंडात अर्धा आत, अर्धा बाहेर अडकला. बाहेरच्या अर्ध्या भागावर शिक्का होता आणि त्याखाली क्रमांक. तो पालथा करून द्यायचा कसा? तोवेराची नजर त्यावर पडली आणि तिथेच खिळली. तोच शिक्का आणि तसलाच क्रमांक तिने मास्तरांच्या पत्रावर पाहिला होता.

"ताई, पैसे भरायचेत का तुला?" तिने विचारले.

"चारच्या आत. नाहीतर बक्षीस दुसऱ्याला जाणार. खालच्या भागात ज्याच्या नावानं पाठवायचे त्याचं नाव आहे, तेवढं छापून दे."

"कुठून आणलेस पैसे?"

लुसुंगूने कमरेची गाठ चाचपली. "आमच्या सहा बायकांच्या भिशीचे आहेत. उद्या दामदुपटीनं परत ठेवते."

"ताई, हे खोटं आहे. असंच पत्र मी आधी पाहिलंय."

"कुणाचं?"

तोवेराने मास्तरांना शब्द दिला होता.

"बघ! नाव सांगता येत नाही. माझं नशीब उघडलं म्हणून तुझ्या पोटात दुखतंय. माणसाला शेजाऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही, ते हे असं!"

 तोवेराने चपला हातात घेतल्या आणि ती टेकडीच्या रस्त्याने मास्तरांच्या घराकडे धावत सुटली.

लुसुंगू पायरीवर बसली. घड्याळात तीन वाजून गेले होते. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले की वीज येऊ नये. साडेतीनला ती कंटाळून उठली आणि नाव छापले गेले असेल म्हणून तिने कागद ओढला. मी सोडला नाही. यात माझे कर्तृत्व काही नाही. वीज नसली की माझी पकड सुटत नाही. पण तेवढे श्रेय मला घेऊ द्या.

टेकडीवर काय झाले ते तोवेराने मागाहून कितीतरी जणांना सांगितले, म्हणून मला माहीत आहे. मास्तर आणि काकू अंगणात कसाव्याचे कंद सोलत बसले होते. तोवेरा धापा टाकत एवढेच म्हणाली, "मास्तर, लुसुंगूला तसंच पत्र आलंय. माझं ऐकत नाही. तुम्ही येता का?"

"कसलं पत्र?" काकूने विचारले.

तोवेराने मान खाली घातली. मास्तर सुरी हातात धरून तसेच बसले. त्यांना नाही म्हणता आले असते. तोवेराने त्यांना मुळीच आग्रह केला नाही. शेवटी त्यांनी सुरी खाली ठेवली.

"एस्तेले, पत्रे भावाकडे नाहीत. पत्रे गेले. एका पत्रापायी गेले."

त्यांनी सगळे सांगितले. लांबवले नाही आणि काही लपवलेही नाही. काकूने हात धुतले, ओच्याला पुसले आणि म्हणाली, "कुठंय ती लुसुंगू?"

पावणेचारला ते तिघे दुकानात शिरले. मास्तर पुढे, काकू त्यांच्यापासून पाच पावले अंतर ठेवून. वीज यायची वाट बघत चारपाच गिऱ्हाइके तिथे उभी होती. मास्तरांनी घडी घातलेले जुने पत्र उलगडून माझ्या तोंडातल्या कागदाशेजारी धरले.

"लुसुंगू, माझ्या वर्गात होतीस. मोठ्यानं वाच. आधी हा क्रमांक, मग तो."

तिने वाचले. एकेक आकडा जुळत गेला, तसा तिचा आवाज बारीक होत गेला.

"एकच बक्षीस दोघांना लागतं का?" मास्तरांनी विचारले.

मागून कुणीतरी फिसकन हसले. "मास्तर, तुम्हीसुद्धा?"

"हो," मास्तर म्हणाले. "मीसुद्धा. छपराचे चोवीस पत्रे दिले मी यांना."

त्यांचा चेहरा मला दिसत होता. एकतीस वर्षे ज्यांनी मान ताठ ठेवून फळ्यापुढे उभे राहून शिकवले, ते आता ते पत्र धरून त्या चारपाच माणसांपुढे उभे होते.

तेव्हा काकू पुढे आली. नवऱ्याकडे तिने पाहिलेही नाही.

"हसा, हसून घ्या. घरी जाऊन मीही बघते त्याच्याकडे. पण लुसुंगू, तू मला एवढं सांग. तू तिकीट कधी काढलं होतंस?"

"तिकीट... नव्हतं काढलं, काकू."

"यानंही नव्हतं काढलं. जन्मभर पोरांवर ओरडला, 'आधी प्रश्न नीट वाचा,' आणि स्वतः हा एवढासा प्रश्न विचारला नाही. आणि बक्षीस द्यायचंय त्यांना, तर आपली फी त्यातूनच कापून घेत नाहीत का? तुझ्या कमरेचे कशाला पाहिजेत? घरच्यांना सांगू नका म्हणे. घरची बाई हेच विचारील, म्हणूनच ना?"

लुसुंगूने कमरेची गाठ सोडली, नोटांवरून हात फिरवला आणि गाठ पुन्हा मारली. मग ती धक्क्याकडे उतरून गेली. सव्वाचारला वीज आली. मी तो कागद बाहेर ढकलला. न्यायला कुणी नव्हते.

पुढल्या आठवड्यात मास्तरांनी इथल्या बोलीत एक पान लिहिले. आपले नाव घालून, घडले तसे. शाई संपेपर्यंत मी त्याच्या प्रती काढल्या. मासळी वाळवण्याच्या ओट्यांवर आणि चर्चच्या बायकांत त्या वाटल्या काकूने. ती नवऱ्याशी ईस्टरपर्यंत धड बोलली नाही. पण कुणी त्याची टिंगल केली की म्हणे, "त्यानं सांगितलं तरी. तुमच्या घरात कुणी काय गमावलंय, ते तुम्हाला ठाऊक आहे का?" हळूहळू आणखी दोघे जण येऊन तोवेराला आपली पत्रे दाखवून गेले. इतके दिवस त्यांनीही ती लपवून ठेवली होती.

लुसुंगू महिनाभर दुकानाकडे फिरकली नाही. मग एका सकाळी आपल्या दिराला दंडाला धरून घेऊन आली. परदेशातल्या बँकेत कुणा मेलेल्या श्रीमंताचे पैसे अडकलेत, असे पत्र त्याला आले होते. तिने त्याला रांगेतल्या सगळ्यांसमोर उभे केले.

"वाच. मोठ्यानं वाच. लाज वाटली तरी वाच."

तो वाचू लागला. चौथ्या ओळीला तो स्वतःच थांबला.

आता माझ्या जागी नवे यंत्र आले आहे. माझी शाई इथे मिळत नाही. तरी तोवेराने मला भंगारात घातले नाही, हे तिचे उपकार. पण पांघरुणाखाली बसल्या बसल्या मला ती तीन पत्रे आठवतात. मी ती छापली. मला बोलता आले असते, तर पहिल्याच शुक्रवारी ओरडलो असतो. मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला खरे-खोटे कळत नाही. प्रार्थना आणि फसवणूक आम्ही एकाच अक्षरात छापतो. म्हणून तुमच्याकडे असे काही आले, तर एक पैसाही देण्याआधी ते आपल्या माणसाला दाखवा. आणि घरात कुणी आधीच फसले असेल, तर त्याला हसू नका; त्याला बोलू द्या. शाई माझी असते, मित्रांनो. शब्द कुणाचे आहेत, ते तुम्ही विचारा.