चोपन्न अंगठे

आमदारांचा भत्ता वाढला म्हणून त्यांचा सत्कार करायचं खूळ आमच्या सरपंचांच्या डोक्यात आलं. कुणी कुस्ती मारली, कुणाचा मुलगा फौजेत भरती झाला, तर हार घालावा. या गृहस्थांनी मुंबईत बसून स्वतःच हात वर केला आणि स्वतःचाच भत्ता वाढवून घेतला. त्यासाठी गावाने शाल का द्यायची? पण सरपंच नाथाजींना साखर कारखान्यावर संचालक व्हायचं होतं, म्हणून शाल आली.

मी या गावचा तलाठी. मूळचा सांगलीकडचा, नोकरीने उंब्रजजवळच्या या खेड्यात आणून टाकलेला. वाढ मलाही मिळाली होती, हे आधीच सांगतो, नाहीतर लोक म्हणतील याच्या पोटात दुखतंय. आम्ही सरकारी नोकरांनी चोपन्न दिवस संप केला. कराडला कचेरीसमोर मांडव घालून बसलो, घोषणा दिल्या, उरलेला वेळ पत्ते कुटले. पुढे महागाई भत्ता वाढला आणि संपाचे दिवस रजेत बसवून पगारही हातात पडला. पत्ते कुटल्याचा पगार मी मुकाट्याने घेतला.

मुकला तो आकाराम. आकाराम म्हणजे माझ्या हाताखालचा कोतवाल. दवंडी द्यायची, माझं दप्तर वाहायचं, सारा भरायला लोकांना बोलावून आणायचं, शिवाय माझा चहा. याबद्दल सरकार त्याला मानधन देतं. पगार म्हणायची लाज वाटावी इतकं ते कमी, म्हणूनच मानधन म्हणत असावेत. संपाच्या पहिल्या दिवशी मीच त्याला म्हणालो, "चल कराडला. आमचं भलं झालं तर तुझंही होईल." तो चोपन्न दिवस आमच्या मांडवात पाणी भरत राहिला. शेवटी हुकूम आला तो असा, की कोतवाल सरकारी नोकर नाही, त्याला रजा नाही, सबब तो गैरहजर. जवळजवळ दोन महिन्यांचं मानधन बुडालं. त्याची बायको हरणाबाई दुसऱ्यांच्या उसात मजुरीने तण भांगलायला जाऊ लागली.

"भाऊसाहेब, तुमी हजर मांडा की," तो म्हणाला. "मी तुमच्यासंगंच हुतो."

"अरे, मीच संपावर होतो. मग तुला हजर बघितलं कुणी?"

"तुमीच की."

आमदार येतायत, त्यांना विचार, असं सांगून मी त्याला वाटेला लावलं.

सत्कार चावडीसमोर झाला. लोकं गोळा करायला आकारामच दवंडी देत फिरला होता. आमदारांनी अर्धा तास महागाईचं रडगाणं गायलं. आम्हीही जनतेचे नोकर आहोत, आम्हाला काय पोटं नाहीत, वगैरे. पोट होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. भाषण संपलं तसा आकाराम हात जोडून पुढे झाला.

"सायेब, तुमची हजेरी कोन मांडतंया?"

"आमची आम्हीच," आमदार पेढा तोंडात टाकत म्हणाले. "सही ठोकली की भत्ता सुरू. मग आत बसा, नाहीतर बाहेर हिंडा."

"मंग माजी बी मीच मांडू का?"

"मांड की! तुला कोण अडवतंय?"

सगळे खो खो हसले. मीसुद्धा हसलो, जरा मोठ्यानेच, म्हणजे आमदारांना ऐकू जावं. ती थट्टा आहे हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं होतं. कळलं नाही ते आकारामला. खुर्चीवरच्या माणसाने सांगायचं आणि आपण करायचं, यातच त्याची अठरा वर्षं गेलेली.

दुसऱ्या दिवशी मी चावडीत आलो तर हजेरीपत्रक उघडं, शेजारी शाईचं पॅड. संपाच्या चोपन्न दिवसांच्या चोपन्न रकान्यांत त्याने एकेक अंगठा उठवला होता. एकही रेघेबाहेर गेला नव्हता.

"मांडलं बगा. सायबांनीच सांगितलंया."

मी त्याला वाट्टेल तसं बोललो. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. महिनाअखेर हे पत्रक कराडला जाणार आणि तिथे विचारणार, संपात चावडी उघडी होती काय, मग तलाठ्याला रजा कसली? मी तहसीलदारांपुढे जाऊन सांगू शकत होतो, हा माणूस माझ्या शब्दावर आला होता, त्याचे दिवस भरून द्या. नाही गेलो. खाली शेरा मारला, 'माझ्या अपरोक्ष कोतवालाने परस्पर अंगठे उठवले आहेत,' आणि स्वतःला मोकळं करून घेतलं. आमदाराला नावं ठेवणारा मी हा असा.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. सरकारी दप्तरात लबाडी केल्याबद्दल कामावरून कमी का करू नये, सात दिवसांत खुलासा करावा. गावात नोटीस बजावायची ती कोतवालाने. ही त्याची त्यालाच बजावायची होती, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

त्याने लांबूनच शिक्का ओळखला.

"कराडचा कागुद? माज्या नावाचा?" त्याचा चेहरा खुलला. "मानधन निगालं व्हय, भाऊसाहेब?"

मला माझीच किळस आली, आणि तरीही मी पॅड पुढे सरकवलं.

"आधी अंगठा लाव."

त्याने नीट, दाबून अंगठा लावला, डोक्याच्या केसांना पुसला आणि मला हात जोडले.

"आमदारसायबाचं लय उपकार झालं. तुमचं बी. हरणीला सांगून येतो."

तो धावतच गेला. उसाच्या बांधावरून त्याने बायकोला मारलेली हाक मला चावडीत ऐकू आली. मी नोटिशीच्या पाठीवर 'समक्ष वाचून दाखवून बजावली' असं लिहिलं आणि खाली सही केली.