भिंतीवरची पंगत

बाहेरून निळा आणि आतून गुलाबी! मठाला कोणता रंग द्यायचा, यावर गुरुपादप्पांच्या घरात जेवताना एकमत झालं होतं. गुरुपादप्पा म्हणजे उदगीर तालुक्यातल्या करडगावचे किराणा दुकानदार आणि मठाच्या पंचकमिटीचे प्रमुख. ऑइल पेंटचे डबे त्यांनी आधीच आणून ठेवले होते आणि आणलेला डबा परत नेणाऱ्यातले ते नव्हते.

घाईला कारणही होतं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. उस्मानाबादेचे हेलपाटे संपले म्हणून लोक खूश होते, पण पावसानं मात्र पाठ फिरवली होती. मृग कोरडा गेला, हस्तही कोरडा गेला. विहिरींनी तळ दाखवला. माळावर रोजगार हमीची खडी फोडायचं काम सुरू झालं. ते काम पाहायला नव्या जिल्ह्याचे कलेक्टर येणार होते आणि दुपारी मठात टेकणार होते.

"मठ कसा चकाचक दिसला पायजे," गुरुपादप्पा म्हणाले.

सून उमादेवी वाढत होती. ती हळूच म्हणाली, "अप्पा, आतल्या भिंतीवर काजळीखाली जुनी चित्रं आहेत, पुसट रेषा दिसतात. तेवढी सोडून रंग दिला तर?"

"कसली चित्रं? दिव्याची काजळी हाय ती! हितं जनावरांना चारा न्हाई, माणसाला पाणी न्हाई, आन तू चित्रं घेऊन बसलीस? चित्रानं पोट भरतं का?"

उमा भाकरी वाढत राहिली. तिचं माहेर लातूरचं. शाळेत चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा तिनं वरच्या श्रेणीत पास केल्या होत्या. लग्नात आणलेली रंगपेटी मात्र ट्रंकेच्या तळाशीच राहिली. 'रेघोट्या मारायला सून आणली न्हाई,' असं सासरे सुरुवातीलाच बोलले होते. गुरुपादप्पा मनानं वाईट नव्हते. कुणाच्या घरी अडचण आली की पहिले धावायचे. पण चित्र म्हणजे रिकामटेकड्याचा उद्योग, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आपल्यापैकी किती जणांच्या डोक्यात ते बसलेलं नाही?

दुसऱ्या दिवशी ते गल्ल्यावर बसले असताना भुजंग रंगारी दुकानात आला.

"मालक, काम थांबलंय. तुमच्या सूनबाई भिंतीसमोर उभ्या हायेत. मी काय करू?"

गुरुपादप्पा तावातावानं मठात गेले. आतली अर्धी भिंत गुलाबी झाली होती. उरलेल्या काळपट भिंतीला पाठ लावून उमा उभी होती. तिच्या शेजारी पार्वतम्मा होत्या, गुरुपादप्पांच्या थोरल्या बहीण. आई गेल्यावर त्यांनीच गुरुपादप्पांना वाढवलं होतं. भोवती गाव जमलं होतं. खडी फोडून परतणाऱ्या बायाही आल्या होत्या, पण त्या उंबऱ्याबाहेर थांबल्या होत्या. त्या नेहमीच तिथं थांबत.

"चारचौघांत माझी इज्जत घालवून राहिलीस का, पोरी?"

उमा भिंतीपासून हलली नाही. "अप्पा, मला हातभर भिंत साफ करू द्या. काही दिसलं नाही, तर मी माझ्या हातानं गुलाबी रंग लावीन."

तिच्या हातात मळलेल्या कणकेचा गोळा होता. ओल्या फडक्यानं पुसलं तर काजळीबरोबर खालचं चित्रही जाईल, कणकेनं हलकेच टिपलं तर काजळी तेवढी निघते, असं तिनं सांगितलं. शाळेतल्या बाईंनी तिला ते शिकवलं होतं.

"दुष्काळात गव्हाची कणीक भिंतीला?" गुरुपादप्पा कडाडले.

"ती माझ्या वाटची हाय, तम्मा," पार्वतम्मा म्हणाल्या. धाकट्या भावाला त्या कानडीत तम्माच म्हणत. "आज मी जेवणार न्हाई. आता बोल."

मग भिंतीकडं बोट करून त्या पुढं म्हणाल्या,

"ह्या मठात आपण कायक शिकलो न्हवं? कष्टाचं काम हीच पूजा. तुझं दुकान कायक, भुजंगचा बुरूश कायक. मग ज्यानं ह्या भिंतीवर जीव ओतला, त्याचं काय रं? त्यानं कायक केलं आन आपण काजळी म्हणून मोकळे झालो! आपल्याला काढता येत न्हाई, निदान राखता तर यावं!"

गुरुपादप्पांनी मान खाली घातली. "टिप," ते सुनेला म्हणाले. "हातभरच."

उमानं कणीक भिंतीला लावली, उचलली, पुन्हा लावली. काळं निघत गेलं. आधी एक डोळा दिसला. मग नथ दिसली. मग गेरूच्या लाल रंगातलं लुगडं नेसलेली, मोठ्या हंड्यात पळी घालून उभी असलेली एक बाई गावाकडं बघू लागली!

"अगं अव्वा! बघून राहिली की आपल्याकडं!" कुणीतरी ओरडलं.

हातभर भिंत झाली. उमाचा हात थांबला.

"थांबलीस का?" गुरुपादप्पा म्हणाले. "तिच्या बाजूला कोण हाय, ते बघू दे."

हंड्याच्या बाजूला पंगत निघाली. कुंभार होता, मागं त्याचं चाक होतं. विणकर होता. आरी कानावर खोचलेला चांभार होता. कडेला डोक्यावरची पाटी उतरवून एक बाई बसली होती. सगळे एकाच ओळीत. बरगड्या निघालेली गुरं आणि वाळलेलं झाडही दिसलं.

"दुष्काळातला दासोह हाय ह्यो," पार्वतम्मा पुटपुटल्या. "समद्या गावाचं जेवण."

आणि वाढणारा? कपाळावर भस्माचे पट्टे, वर खोचलेलं धोतर, मागं खुंटीला टांगलेली तागडी.

"दुकानदार!" भुजंग ओरडला. "मालक, तुमच्यावानीच हाय की!"

सगळे हसले. गुरुपादप्पा हसले नाहीत. कुठल्या तरी जुन्या दुष्काळात कुणा दुकानदारानं तागडी खुंटीला टांगून गावाला वाढलं होतं आणि कुणा चित्रकाराला ते जपून ठेवावंसं वाटलं होतं. आपल्या कोठीत रचलेली ज्वारीची पोती गुरुपादप्पांच्या डोळ्यांपुढं आली.

तेवढ्यात उंबऱ्याबाहेरून खडी फोडणाऱ्या सिंधुनं विचारलं, "अप्पा, ती पाटीवाली बाई बी पंगतीत बसलीया का?"

त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग उंबऱ्याकडं पाहिलं.

"हाव," ते म्हणाले. "आत येऊन बघ, सिंधु. समद्याजणी आत या!"

बाया आत आल्या. गुरुपादप्पांची नजर गुलाबी भिंतीकडं गेली. "उमा, ह्या रंगाखाली कोण होतं?"

"आता कधीच कळणार नाही, अप्पा."

ते शब्द त्यांच्या काळजाला लागले. त्यांनी उरलेले डबे परत पाठवले आणि दुकानातून गव्हाचं पीठ मागवलं. उमानं गावातल्या पोरींना कणकेनं काजळी टिपायला शिकवलं. आणि कलेक्टर आले, तेव्हा मठाच्या अंगणात पंगत बसली होती! गुरुपादप्पा धोतर खोचून खडी फोडणाऱ्यांना भाकरी वाढत होते. सिंधुच्या शेजारी कुंभार, कुंभाराशेजारी भुजंग. कलेक्टर भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग तेही पंगतीला बसले.

"ही भिंत कुणी जिवंत केली?" त्यांनी विचारलं.

"ही माझी सून, साहेब," गुरुपादप्पा म्हणाले. "चित्रकार हाय."

हा शब्द त्यांच्या तोंडून गावानं पहिल्यांदाच ऐकला. उमाच्या डोळ्यांत पाणी आलं.

गुलाबी भिंत तिला देताना गुरुपादप्पा एवढंच म्हणाले, "तुझी रंगपेटी काढ. आमचा दुष्काळ बी कुणीतरी काढून ठेवायला पायजे." उमानं भिंतीला पांढरं अस्तर दिलं आणि माळावरची खडी, हातोडा उगारलेली सिंधु, अंगणातली पंगत सगळं उतरवलं. बाया रोज येऊन स्वतःला शोधत. पार्वतम्मा तर म्हणाल्या, "माझं नाक जरा सरळ काढ की!" बाजाराच्या दिवशी देगलूर-उदगीरचे लोक मुद्दाम एसटीतून उतरून भिंत बघायला येऊ लागले. गुरुपादप्पा त्यांना बजावत, "लांबून बघा, हात लावू नका!" शेजारच्या गावात कुणी जुन्या देवळाला ऑइल पेंट लावायला निघालं, की ते दुकान मुलावर टाकून तिकडं पळत.

चित्र पुरं झालं. उमानं बुरूश खाली ठेवला.

"नाव घाल," गुरुपादप्पा म्हणाले.

"मठाच्या भिंतीवर माझं नाव, अप्पा?"

"जुनी पंगत कुणी काढली, ते आपल्याला ठाऊक न्हाई. आपण कुणी इचारलंच न्हाई. ती चूक पुन्हा नको."

सगळ्या गावादेखत उमानं ठसठशीत अक्षरांत लिहिलं: उमादेवी, करडगाव, जिल्हा लातूर.

वाचकहो, आपल्याही गावात अशी एखादी काळवंडलेली भिंत असेल. आपल्याही घरात कुणाची रंगपेटी मिटलेली असेल. रंगाचा डबा उघडण्याआधी ती भिंत नीट बघा आणि ती पेटी उघडायला सांगा! जे गाव आपली चित्रं राखतं आणि चित्रं काढणाऱ्या हाताला मान देतं, त्या गावाला दुष्काळातही एकमेकांची तोंडं दिसत राहतात.