उज्ज्वलाचा नोड

हरिसिंग नायक दुपारी आला तेव्हा घरात उज्ज्वला आणि तिची याडी रुपीबाई, दोघीच मायलेकी होत्या. थोरला भाऊ शाम तुरीच्या वावरात होता. हरिसिंग तांड्याचा नायक. भांडणं त्याच्या शब्दावर मिटायची, सोयरिकी ठरायच्या. तो आपणहून कुणाच्या दारात जात नसे. रुपीबाईनं घाईनं खाट टाकली, पाण्याचा गडवा ठेवला आणि ती मागच्या खोलीत गेली. मधे नुसता तट्टा होता. बोललेलं सगळं पलीकडे ऐकू जाई.

"शाम सांगत होता, तुह्या डब्यातून पैसे जाते आन् कोणाले दिसत नाई," नायक म्हणाला.

"पैसे नाई जात, काका. हिशोबाची नक्कल असते."

डबा म्हणजे माळ्यावरचं वीतभर रुंदीचं मशीन. मोनेरो नावाच्या इंटरनेटवरच्या चलनाचा तो एक नोड होता. या चलनाची वही कुठल्या एका बँकेत नसते. जगभर हजारो लोक आपापल्या मशीनवर तिची अख्खी नक्कल ठेवतात, नवा व्यवहार आला की खरा-खोटा तपासतात आणि पुढे पाठवतात. कुणी कुणाला किती दिले, ते मात्र झाकलेलं असतं. उज्ज्वला आपला नोड टॉर नावाच्या जाळ्यातून चालवायची. तिथं निरोप मधल्या परक्या मशीनांतून फिरत फिरत जातो, त्यामुळे तो फुलसावंगीकडच्या एका तांड्यातून निघाला हे समोरच्याला कळत नाही. यातून तिला दमडी मिळत नव्हती. पोटासाठी ती घरी बसून पुण्याच्या दोन दुकानांच्या वेबसाइटी सांभाळायची.

नायक पाणी प्यायला नाही. "रस्त्याच्या कामाचं बिल निंघालं. त्यातलं काही तुह्या त्या नाण्यात टाकून दे. भावाच्या नजरेत नाई आलं पाह्यजे."

"कंत्राट दोघाइच्या नावानं हाये ना?"

"तुले काय करायचं?"

"मंग मी नाई करत."

"लपवायचं मशीन ठेवते अन् मलेच शिकवते?" तो उठला. "तांड्यात राहाचं हाये का नाई तुले?"

तो गेल्यावर रुपीबाई बाहेर आली आणि तिनं गडव्यातलं पाणी तुळशीला ओतलं.

तीनच दिवसांत तांडाभर झालं की उज्ज्वलाच्या माळ्यावर चोरांचं मशीन आहे. हत्यारं विकणारे, पोरी पळवणारे त्याच्यावर बोलतात. नळावर बाया तिची घागर मागे सरकवू लागल्या. शामच्या पोराला शाळेत कुणीतरी 'डाकूचा भाचा' म्हटलं. शनिवारी सकाळी सेवालाल महाराजांच्या देवळापुढे बैठक बसली. बाया कडेला, पुरुष पारावर. उज्ज्वला मधे एकटी उभी होती. शाम खाली मान घालून बसला होता.

"चोरी नाई तर लपवाचं काहून?" नायकानं विचारलं.

याचं उत्तर तिच्याजवळ होतं. पुण्यात ती मोबाइलवरून पैसे पाठवायच्या एका कंपनीत होती. तिथं मजल्यावरचा कुणीही कुणाचाही नंबर टाकून त्याचा खर्च बघू शकायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या पोरानं हसत हसत तिचाच खर्च वाचून दाखवला. दर महिन्याला अमुक मेडिकल, अमुक गोळ्या, मिरगीच्या आहेत ना? कुणाला येते मिरगी? टेबलावरचे सगळे तिच्याकडे बघत होते. गोळ्या याडीच्या होत्या. तांड्यात बावीस वर्षं ही गोष्ट कुणाला कळू दिली नव्हती, शामचं लग्नही त्यामुळेच निभलं होतं. उज्ज्वलानं त्या महिन्यातच नोकरी सोडली आणि घरी येऊन नोड बसवला.

हे चार वाक्यांत सांगता आलं असतं. कडेला, बायांत, रुपीबाई बसली होती. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"लपवणारे सगळे चोर नसते," उज्ज्वला एवढंच म्हणाली. मग आवाज चढवून म्हणाली, "चोराचंच इचारता तर सांगते. हे नायककाका बुधवारी माह्याकडं आलते. भावाच्या वाट्याचे पैसे लपवाले."

नायकाचा पुतण्या प्रेम ताडकन उठला. ज्या भावाचा वाटा, त्याचाच हा मुलगा.

"कोणी ऐकलं?" नायक शांतपणे म्हणाला. "घरी कोण होतं?"

"याडी होती."

सगळ्या माना वळल्या. रुपीबाई पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. "मी मांगं होती," ती म्हणाली. "मले काही ऐकू आलं नाई."

पुढचं फार पटकन झालं. "काकावर खोटा आळ घेते," म्हणत प्रेम आणि दोघं-तिघं उज्ज्वलाच्या घरात शिरले, माळ्यावरून मशीन ओढलं, वायरीसकट नेऊन विहिरीत टाकलं. उज्ज्वलानं प्रेमचा दंड धरला होता. "तुह्या बापाचा वाटा हाये रे," ती म्हणत होती. त्यानं हाताला झटका देऊन तिला ढकललं. ती विहिरीच्या काठावर कोपरावर पडली. कुणी उचलायला आलं नाही. शामही नाही.

तिनं प्रेमविरुद्ध पोलिसात तक्रार दिली. साक्षीला कुणी उभं राहिलं नाही. शाम म्हणाला, "तक्रार माघारी घे, नाई तर दुसरं घर पाह्य." तिनं दुसरं घर पाहिलं. पुसदला जैबुनबी नावाच्या विधवेच्या माडीवर खोली मिळाली. जैबुनबीनं दोन अटी घातल्या, दहानंतर जिना बंद आणि वीजबिल वेगळं. उज्ज्वलानं हप्त्यानं नवं मशीन घेतलं, ते कशाचं हे जैबुनबीनं विचारलं नाही. टॉरमधून अख्खी वही पुन्हा उतरवून घ्यायला तीन आठवडे लागले.

उन्हाळ्यात एक दिवस प्रेम जिना चढून आला. दारातच उभा राहिला. तिनं बस म्हटलं नाही.

"काकानं दुसऱ्याकडून ते नाणे घेतले," तो म्हणाला. "बापाले एक रुपया नाई देला. तुह्या मशीनमधून पाहून सांग, कुठं गेले."

"दिसत नाई."

"तुह्याकडं सगळी वही हाये ना?"

"हाये. त्याचा व्यवहार माह्या मशीननंही तपासून पुढं धाडला असन. पण कोणाचा, किती, ते मलेही दिसत नाई."

"म्हणजे चोराचंच लपवून राह्यली तू."

हे तिच्या मनात पुष्कळदा येऊन गेलं होतं. "हो," ती म्हणाली. "त्याचंही लपते."

प्रेमला ती भांडेल असं वाटलं होतं. तो गोंधळला.

"पण रस्त्याचं बिल सरकारी हाये," उज्ज्वला म्हणाली. "ते कोणाले लपवता येत नाई. माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. किती निंघालं, कोणत्या खात्यात गेलं, सही कोणाची, सगळं कागदावर भेटन. वकील पाह्य मंग."

"अर्ज लिहून देते का?"

"नाई. खाली बाजारात लिहून देणारे बसते."

तो माफी मागेल असं तिला वाटलं, पण त्यानं विचारलं ते वेगळंच. "तक्रार कधी माघारी घेते?"

"घेत नाई," ती म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.