तांबडं गवत

“काळ्या गं मेंढीचं, धवळं कोकरू,
हिरव्या रानामंदी, नगं भिऊ लेकरू...”

मित्रांनो, या जगात सगळ्यात आधी माझ्या कानी पडला तो हा आवाज. तेव्हा मी गालिचा नव्हतो, शेंगांचं रिकामं गोणपाट होतो. साताऱ्याच्या घरी हरणाबाईंनी मला लाकडी चौकटीवर ताणून बसवलं आणि गुणगुणत कोळशाने माझ्यावर एक मेंढी काढली. तिच्या पोटाशी कोकरू, भोवती गवत. त्यांची लेक माया सांगलीला असते. तिला दिवस गेले होते, आणि तिच्या बाळाला लोळायला मी हवा होतो.

रंग निवडण्यात हरणाबाईंचे कितीतरी दिवस गेले. मेंढीला माहेरच्या काळ्या मेंढरांची लोकर, कोकराला जुनी पांढरी शाल. यजमान धोंडिराम फौजेतून आलेले. त्यांचा गर्द हिरवा स्वेटर गवतासाठी ठरला. मायाचा शाळेतला गर्द तांबडा स्वेटर काठासाठी. स्वेटर उकळत्या पाण्यात आटवून त्यांच्या पट्ट्या कापल्या. हे काम हरणाबाई पाचगणीला एका शाळेत स्वयंपाक करताना शिकल्या होत्या. वरून वाकड्या टोकाचा आकडा खुपसायचा, खालची पट्टी भोकातून वर ओढायची, इवलासा फेर ठेवायचा. गाठ कुठेच मारायची नाही. म्हणून तर मी जन्माचा भित्रा! एक टोक ओढलं की माझी रांगच्या रांग उसवते.

मेंढी झाली, कोकरू झालं. गवताला सुरुवात केली आणि माझ्या अंगावरचे हात बदलले. आधी ते झरझर चालायचे, आता चाचपू लागले. पट्टी डोळ्यांशी न्यायची, दारातल्या उजेडात धरायची, टोपलीत टाकायची, पुन्हा उचलायची. आणि एका दुपारी मेंढीच्या तोंडापुढे त्यांनी तांबडी पट्टी ओढली. पुढचीही तांबडीच. ओरडावं, तर गोणपाटाला तोंड कुठलं?

धोंडिराम चहाचा कप घेऊन आले नि वाकून बघत राहिले. “अगं, गवत तांबडं कसं गं?”

आकडा थबकला. मग हरणाबाई म्हणाल्या, “आवं, आपल्या माणदेशातलं गवत हाय ते. हिरवं कवा बघितलंसा तुमी?”

“व्हय की! फौजेत सायबाला उलटं बोललो न्हाई, आता घरात कुठं बोलू?” असं म्हणून ते हसत बाहेर गेले.

हरणाबाईंनी मात्र हातातली पट्टी पुन्हा डोळ्यांशी नेली. त्या दिवसापासून गाणं बंद झालं.

मायाचा रविराज जन्मला, बाळसं धरू लागला, तेव्हा दोघं मला घेऊन सांगलीच्या विश्रामबागेत मायाकडे राहायला आले. काठाचं थोडं काम उरलं होतं. शेजारणी माझे फोटो काढायच्या. “तांबडं गवत! काय कल्पना आहे काकूंची!” कौतुकाने फुलावं, तर मी आतल्या आत आक्रसत होतो. ते हात काय लपवतात, हे एकट्या मलाच ठाऊक होतं.

“आई, तू आहेस म्हणून मी सोमवारी कामावर निघालेय,” माया म्हणाली. “परक्याच्या हाती याला दिला नसता गं मी.”

“माज्याबिगर कोन सांभाळंल त्याला?” हरणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी बाळाला असं कवटाळलं, जणू कुणी हिसकावून नेतंय.

मित्रांनो, आम्हा गालिच्यांना उन्हात घाला, झटका, ओलीपासून जपा. आम्ही उपकार मानू. पण तुमच्या घरात कुणाचे हात चाचपू लागले, कुणी कप शोधताना ताटलीवर बोटं फिरवू लागलं, तर हसून निघून जाऊ नका. जवळ बसा. विचारा. त्या घरात विचारलं कुणीच नाही.

सोमवार उजाडला. हरणाबाई मला चौकटीवरून सोडवून, जमिनीवर पसरून काठाचे शेवटचे फेर ओढत होत्या. एकाएकी आकडा हातातून निसटला. छत्रीच्या काडीचा तो आकडा, टोक घासून तीक्ष्ण केलेला. माझ्या तांबड्या गवतात पडला, टोक वर करून. हरणाबाई चाचपू लागल्या. इकडे, तिकडे, भलतीकडेच. तेवढ्यात खांद्याला पर्स अडकवून माया बाळाला घेऊन आली.

“उशीर झाला गं. याला इथंच ठेवते तुझ्यापुढे.”

ती वाकली. बाळाची टाच माझ्या फेरांना लागली. ते टोक जरा तरी माझ्यात ओढून घ्यावं म्हणून मी जीव एकवटला. काही हललं नाही.

हरणाबाईंनी दोन्ही हात आडवे घातले. “ठेवू नगंस! आकडा पडलाय हितं. सापडंना मला!”

मायाने बाळाला वर उचललं आणि खाली पाहिलं. “आई... हा काय, तुझ्या गुडघ्यापाशी तर आहे.”

दारातून धोंडिराम पुढे आले. हरणाबाईंचे हात तसेच पसरलेले राहिले, माझ्यावर, गवतावर.

“दिसंना मला, माया,” त्या म्हणाल्या. “ह्ये गवत घालत हुते तवापास्नं दिसंना झालंय. पोरगं माज्याकडं ठेवणार न्हाईस, म्हून बोलले न्हाई.”